नेहमीचा ब्राउझर सोडून दुसरा घ्यायचा तर कोणता? तुम्ही स्वतः कोणता वापरता?

सध्याचा ब्राउझर जड वाटतो, जाहिरातींनी जीव नकोसा केलाय आणि फायरफॉक्स, ब्रेव्ह, विवाल्डी, एज, ऑपेरा या पाचांत तुमचं काही ठरत नाहीये. मी फायरफॉक्स वापरतो, लॅपटॉपवर आणि फोनवरही. जोडीला विवाल्डी ठेवलाय. पण मी वापरतो म्हणून तुम्ही घ्या, असं म्हणणार नाही. आधी एक गोष्ट बघा, म्हणजे निवड बरीच सोपी होईल.

तुम्ही लिहिलेल्या पाच नावांपैकी चार आतून एकच आहेत. साइटचा कोड वाचून पान पडद्यावर उभं करतं ते इंजिन. ब्रेव्ह, विवाल्डी, एज आणि ऑपेरा या चौघांचं इंजिन क्रोमचंच, ब्लिंक. ऑपेराकडे पूर्वी स्वतःचं प्रेस्टो होतं, ते २०१३ साली सोडलं. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर बांधलाय त्याच खुल्या कोडवर, आणला. वेगळी राहिली ती फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट, एवढीच. आयफोनवर तर बहुतेक देशांत कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच असतं.

याने काय फरक पडतो? मला तरी पडतो. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. स्पर्धाच उरली नव्हती, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. तेव्हा कितीतरी साइट त्या एकाच ब्राउझरसाठी बनायच्या, दुसऱ्यात उघडल्या की पान विस्कटायचं. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि ते चित्र बदलायला लागलं. एकाच इंजिनावर सगळं वेब उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी गेकोच्या बाजूने आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलशी असलेल्या सर्चच्या करारातून येतं, हे मला खटकतं, तरीही.

आता तुमच्या जाहिराती. त्या अडवायला लोक एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, टाकतात. क्रोमने या एक्सटेन्शनचे नियम बदलले. पूर्वी पानातून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्सटेन्शन स्वतः तपासून तिथल्या तिथे अडवू शकायचं. नव्या पद्धतीत त्याने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं मूळ एक्सटेन्शन क्रोममध्ये बंद पडलं. तिथे त्याची लाइट आवृत्ती चालते, पण तिची ताकद कमी. फायरफॉक्समध्ये मूळचं एक्सटेन्शन पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. ब्रेव्हने वेगळा मार्ग काढला: जाहिराती अडवणं ब्राउझरच्या आतच बांधलंय, त्यामुळे एक्सटेन्शनचे नियम बदलले तरी त्याला धक्का लागत नाही. सेटिंगमध्ये हात घालायचा कंटाळा असेल तर ब्रेव्ह टाका आणि मोकळे व्हा. त्यातलं क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं तेवढी लपवून टाका.

मला फायरफॉक्स सोडवत नाही त्याचं खरं कारण मात्र कंटेनर. मोझिलाचंच ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ नावाचं एक्सटेन्शन आहे. ते टाकलं की माझी कामाची मेल केशरी रेघेच्या टॅबमध्ये उघडते आणि घरची निळ्या रेघेच्या. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हीकडे लॉगिन चालू, आणि एकाच्या कुकी (साइट तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदी) दुसऱ्याला दिसत नाहीत. पूर्वी दिवसातून चार-चारदा लॉगआउट-लॉगिन करायचो, चुकीच्या पत्त्यावरून मेल जायची. ते कायमचं थांबलं.

उणीवही सांगतो. मध्यंतरी एका साइटवर तीन पानी फॉर्म भरला आणि शेवटचं ‘पुढे’ बटण करडंच राहिलं. यूब्लॉक बंद करून पाहिलं, खिडकी बदलून पाहिली, काही नाही. तोच फॉर्म विवाल्डीत उघडला आणि पहिल्या फटक्यात गेला. असं वर्षातून दोन-तीनदा होतं, त्यासाठीच दुसरा ब्राउझर ठेवलाय. विवाल्डी ऑपेराच्या एका संस्थापकानेच पुढे सुरू केला आणि ज्यांना सगळं आपल्या हाताने मांडायला आवडतं त्यांच्यासाठी तो खजिना आहे: टॅब एकावर एक रचा, दोन पानं शेजारी लावा, माउस ओढून मागे जा. फक्त सेटिंग इतकी आहेत की पहिला दिवस त्यातच जातो. एज विंडोजवर आयता असतो आणि वापरात नसलेले टॅब झोपवून ठेवतो, हे चांगलं. पण सूचना आणि आग्रह फार. ऑपेरा मी बराच काळ वापरलेला नाही, त्यामुळे त्याची शिफारस करत नाही.

जडपणाचं म्हणाल तर बदलण्याआधी एकदा मेनूतल्या ‘मोअर टूल्स’मध्ये टास्क मॅनेजर उघडा. कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. माझ्याकडे बावीस टॅब उघडे होते, आणि सगळ्यात वरती नाव होतं व्याकरण तपासणाऱ्या एका एक्सटेन्शनचं. ते काढल्यावर पंखा शांत झाला. तुमच्याकडेही असंच काही निघालं, तर ब्राउझर बदलूनसुद्धा ते एक्सटेन्शन सोबत न्याल आणि त्रास तसाच राहील.

आणि बदलायचं ठरलं की बुकमार्क आणू का, हे नवा ब्राउझर बहुधा पहिल्याच वेळी विचारतो. पासवर्ड मात्र बऱ्याचदा फाइल काढून न्यावे लागतात. त्या सीएसव्ही फाइलला कुलूप नसतं. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी सगळे पासवर्ड उघडे दिसतात. काम झालं की ती लगेच डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा, आणि डाउनलोड्सचा फोल्डर कुठे ऑनलाइन सिंक होत असेल तर तिथूनही काढा. जुना ब्राउझर दोन आठवडे तरी राहू द्या, एखादं विसरलेलं लॉगिन हमखास तिथेच सापडतं.