सबसिडी संपायच्या आधी बेळगावात घरावर सोलर बसवावं का?

आधी हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) बिल बघा. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची 200 युनिटपर्यंत मोफत विजेची योजना) शून्य येत असेल तर घाई नको, घातलेले पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. पण दर महिन्याला 200 युनिटच्या वर जाऊन पूर्ण बिल भरत असाल तर थांबू नका. सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंतच आहे. 2 किलोवॅटला 60,000, 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 रुपये मिळतात. पॅनेलमधले सेल भारतात बनलेलेच हवेत, नाहीतर सबसिडी नाही.

मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल (आपल्याकडच्या जुन्या घरांत हे हमखास) तर नाव बदलायचं आजच सुरू करा, वेळ तिथंच जातो. कौलारू घर असेल तर आधी वासे तपासून घ्या.