हाताने वळलेला उत्तम सिगार विकत घेताना काय पाहावे आणि तो कसा ओढावा?

हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये आत अखंड लांब पाने, त्यांना बांधून ठेवणारे दुसरे पान आणि बाहेर नितळ वेष्टन असते. म्हणून दुकानदाराला विचारून तो बोटांत हलकेच दाबून पाहावा आणि कुठे गाठ वा पोकळी लागली नाही, पान करकरले नाही, तरच घ्यावा. गडद वेष्टनाचा सिगार कडकच असतो असे नाही. नवख्याने क्यूबाच्या नावाला न भुलता डॉमिनिकन रिपब्लिकचा एखादा सौम्य सिगार निवडावा, असे माझे मत आहे. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवावा (तरीही तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच) आणि मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, कारण घाईने सिगार तापून कडवट होतो. साठवणुकीसाठी साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी.