मुलीला अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढेल या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार) आहे. रोज ताटावरून भांडण होतं, मी ओरडते आणि मग रडत बसते. माझंच चुकतंय का?

ओरडून उपयोग होत नाही हे खरं, पण आजाराचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका; तो आईच्या वागण्यामुळे होत नाही. मी इथे नाशिकरोडला शाळेत समुपदेशक आहे. पोळी टिश्यूत गुंडाळून दप्तराच्या तळाशी आणि घरी सांगायचं 'डबा संपवला', हे मी पाहिलंय. त्यातली बरीचशी चिडचिड आणि लपवाछपवी उपासमारीची असते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे ६ महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही चिडके, एकलकोंडे झाले, काही तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! म्हणजे ताट सरकवते ती भूक आणि भीती, तुमची लेक नव्हे.

घरात एवढं बघा:
- जेवताना वजन, कॅलरी, 'किती वाळलीस गं' हे विषय बंद. आजीलाही सांगा, ते सगळ्यात अवघड.
- एक वेळचं जेवण तुम्ही, एक वेळचं बाबांनी सांभाळायचं. बोलणं मात्र दोघांचं एकच.
- रडू आवरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

फक्त एक: बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. किती वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. चक्कर आली किंवा छातीत धडधडलं तर थेट हॉस्पिटल गाठा.