चार इम्प्लांट, एक कवळी आणि पोस्टातले सहा लाख

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक, राहायला कराडला. पेन्शन ३१,००० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सहा लाख आहेत, खातं उघडून १४ महिने झाले. अडीअडचणीसाठी बँकेत दीड लाखाची एफडी. खालच्या जबड्यात दोन्हीकडच्या शेवटच्या दोन-दोन दाढा गेल्यात, पुढचा एक दात नाही, आणि डावीकडची मागची उपदाढ (दाढांच्या लगेच पुढचा दात) हलते. मधुमेह आहे. डॉक्टरांनी तीन भाव सांगितले : साधी ॲक्रिलिकची कवळी ७,०००, धातूच्या सांगाड्याची २८,०००, आणि दाढांसाठी चार इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम खांब) १,८०,०००, तेही १२ महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ ईएमआयवर. मुलगा म्हणतो, ठेव मोडा आणि एकदाच काय ते फिक्स दात बसवून टाका. काय करू?

नमस्कार सर,

ठेव मोडू नका, ईएमआयच्या फॉर्मवर सहीही करू नका. धातूच्या सांगाड्याची कवळी करून घ्या. मात्र माप देण्याआधी त्या हलणाऱ्या उपदाढेचा निकाल लावा. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे येतोच.

मी दातांचा डॉक्टर नव्हे. पण असे प्रश्न इतके येतात की एका दंतवैद्य मित्राला गाठून मी नीट समजून घेतलं. एका जबड्यात १६ दात. प्रत्येक दात एक तर आहे किंवा नाही, म्हणजे एकाच जबड्यात ६५,५३६ प्रकारची बोळकी निघू शकतात. एवढ्या गोंधळातून वाट काढायला न्यूयॉर्कच्या एडवर्ड केनेडी या दंतवैद्याने १९२५ मध्ये फक्त चार वर्ग केले आणि आजही कॉलेजात तेच शिकवतात. दोन्हीकडचे मागचे दात गेले आणि त्यांच्या मागे काहीच उरलं नाही, तर पहिला वर्ग. तसंच पण एकाच बाजूला असेल तर दुसरा. एका बाजूला फट आहे, पण तिच्या पुढेही दात आहे आणि मागेही, तर तिसरा. मधली रेघ ओलांडून जाणारी पुढची एकच फट म्हणजे चौथा. याशिवाय वेगळी फट असेल तर तिला ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात. चौथ्या वर्गात मात्र ते नसतं. तुमच्या पुढच्या एका दातामुळे तुमचा जबडा झाला पहिला वर्ग, मॉडिफिकेशन एक.

हे पुराण एवढ्यासाठी, की कुठले पैसे वाया जातील ते या वर्गावरून कळतं. तुमचा तिसरा वर्ग असता तर गोष्ट सोपी होती. फटीच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर ब्रिज बसला असता किंवा कवळी दोन्हीकडे दातांवर टेकली असती. तुमच्याकडे मागचा खांबच नाही. म्हणून दाढांसाठी ब्रिज जवळपास बाद, आणि कवळी पुढे दातावर, मागे नुसत्या हिरडीवर टेकणार. मित्राने प्लास्टरच्या जबड्यावर असली एक कवळी ठेवली आणि मला म्हणाला, मागच्या टोकावर बोट दाब. हिरडीच्या जागी त्याने रबरासारखं मऊ काहीतरी लावलं होतं. मागचं टोक खाली गेलं, पुढची पट्टी उचलली गेली, आणि शेवटच्या दाताला धरलेला हूक त्या दाताला मागे ओढायला लागला. दात फारसा दबत नाही, हिरडी दबते. दर घासाला हेच होणार.

धातूची कवळी आणि ॲक्रिलिकची कवळी यांच्यातला फरक इथे पडतो. धातूच्या कवळीत दातावर छोटी खाच करून तिच्यात टेकू बसवतात, त्यामुळे चावण्याचा बराच भार दातावर जातो. खालच्या जबड्यात दातांच्या आतून, जिभेच्या बाजूने, कोबाल्ट-क्रोमियमची बारीक दांडी जाते. ती पातळ असूनही वाकत नाही. साध्या ॲक्रिलिकला बहुधा असा टेकू नसतो. ती हिरडीवरच बसते, खाली रुतत जाते आणि मजबुतीसाठी जाड करावी लागते. माझ्या आईची अशीच होती, स्वस्तात केलेली. जिभेला अडते म्हणून तिने ती स्टीलच्या वाटीत पाणी घालून देवघराशेजारच्या फडताळात ठेवली. लग्नकार्याला तेवढी निघायची. ७,००० मध्ये तुम्हालाही अशीच वाटी भरून ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. दात काढल्यावर जखम भरेपर्यंत तात्पुरती म्हणून मात्र ॲक्रिलिकची ठीक आहे.

आता ती उपदाढ. केनेडींच्या वर्गांना पुढे ॲपलगेट या दंतवैद्याने आठ नियम जोडले. त्यातला पहिलाच : जे दात काढायचे ते काढून झाल्यावरच वर्ग ठरवायचा. तुमची उपदाढ काढली तरी वर्ग पहिलाच राहील. पण डावीकडचा टेकू आणि हूक नेमका तिच्यावरच बसणार आहे. आज २८,००० देऊन सांगाडा ओतून घेतला आणि आठ महिन्यांनी ती उपदाढ गेली, तर पंचाईत. ॲक्रिलिकच्या कवळीत दात जोडून मिळतो, ओतीव सांगाड्यात ते दर वेळी जमतंच असं नाही. मग पुन्हा माप, पुन्हा पैसे. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा : ही उपदाढ किती वर्षं टिकेल? एक्स-रे काढून उत्तर द्या. ‘बघू’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याचं मत घ्या. कराडमध्येच कृष्णा विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. तिथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या) विभागात दाखवा आणि कवळीचा भावही विचारून या. कॉलेजात फेऱ्या जास्त पडतात, पण तुम्ही निवृत्त आहात.

दुसरा एक नियम मला हिशेबाच्या दृष्टीने फार आवडला : गेलेली दुसरी दाढ, म्हणजे मधल्या रेघेपासून सातवा दात, पुन्हा लावायचीच नसेल तर ती मोजायची नाही. चार इम्प्लांटच्या भावात दोन्हीकडच्या सातव्या दाढाही धरल्यात. त्या खरंच हव्यात का? समोर वरची दाढ कशी आहे यावर उत्तर ठरेल, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आणि त्या १,८०,००० मध्ये पुढचा दात नाहीच. कवळीत तो आपोआप येतो.

मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, नाही असं नाही. इम्प्लांट कवळीसारखं हलत नाही, चावायला ते उजवंच. पण मधुमेह ताब्यात नसेल तर ते हाडात धरण्याची खात्री कमी होते. खालच्या जबड्यात मागे हाडाच्या आतून नस जाते. तिच्या वर पुरेसं हाड उरलंय का, ते स्कॅनशिवाय कळत नाही. हाड भरावं लागलं तर त्याचा खर्च वेगळा. दिलेल्या भावात स्कॅन, हाड आणि वरची कॅप धरलीय का, हे लेखी घ्या.

आता तुमची ठेव. या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय, दोन व्हायचीत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे ९,००० रुपये कापले जातील. उरलेले पुन्हा गुंतवलेत तरी १,८९,००० कायमचे गेले. ८.२ टक्क्यांनी त्यांचं वर्षाचं व्याज होतं सुमारे १५,५००. तोंडात दात आले आणि महिन्याला तेराशे रुपयांचा घास कमी झाला.

ईएमआय म्हणाल तर महिन्याला १५,०००, म्हणजे निम्मी पेन्शन. हे कर्ज दवाखाना देत नाही, मागे वित्तकंपनी असते. दवाखान्याचे पैसे सुरुवातीलाच चुकते होतात. इम्प्लांटवर दात चढायला काही महिने जातात आणि मधेच काही बिनसलं तरी हप्ता थांबत नाही. रोख दिले तर किती सूट, एवढंच विचारून बघा. जेवढी सूट मिळेल तेवढं त्या ‘नो-कॉस्ट’चं व्याज समजा. मेडिक्लेम असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. अपघात सोडला तर दातांचं काम बहुतेक पॉलिसींत बसत नाही. करात वाचवण्यासारखंही काही नाही, कारण एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत तुम्हाला कर शून्यच आहे.

मग २८,००० आणायचे कुठून? तिमाहीला १२,३०० व्याज येतं. दोन तिमाहींचे २४,६०० आणि वर पेन्शनमधले साडेतीन हजार. सांगाड्याच्या कवळीला तशाही चार-पाच फेऱ्या लागतात, पैसे टप्प्याटप्प्याने घ्या म्हणावं. ते व्याज घरखर्चात जात असेल तर एफडीतून घ्या आणि सहा महिन्यांत भरून काढा.

इम्प्लांटचं दार मात्र बंद करू नका. माझ्या मित्राच्या मते पहिल्या वर्गात मागे दोन्हीकडे एकेकच इम्प्लांट घालून त्यावर कवळी टेकवता येते. तेव्हा मागचा खांब मिळतो आणि कवळी तिसऱ्या वर्गासारखी वागायला लागते. चार नाही, दोन. तुमच्या डॉक्टरांच्या भावाने ९०,०००, आणि वर वेगळ्या कॅप नसतील तर कमी. महिन्याला ३,००० ची आरडी लावलीत तर अडीच वर्षांत जमतात. थांबण्याचीही किंमत आहे, दात नसलेल्या जागी हाड झिजत राहतं. म्हणून पुढे दोन इम्प्लांट घालायचा विचार आहे हे डॉक्टरांना आत्ताच सांगा, म्हणजे सांगाडा तसा आखतील.

कवळी झाल्यावर वर्षाला दोन-तीन हजार बाजूला ठेवा. हिरडी खाली जाते, मग कवळी आतून भरून घ्यावी लागते. ती डुगडुगायला लागली की लगेच जा, नाहीतर हूक धरलेला दात हलायला लागेल. रात्री काढून पाण्यात ठेवा. धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटून फरशीवर पडलेल्या कवळ्यांचे हिशेबही माझ्याकडे आलेत.

येत्या आठवड्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) करून घ्या आणि उपदाढेचा एक्स-रे काढा. दोन्ही रिपोर्ट हातात आले की कळवा, मग आरडीची रक्कम पक्की करू.