वाचकांचे प्रश्न : खाणीच्या पाण्यातले तांबे

प्रश्न : तांब्याच्या बंद खाणींत साचलेल्या आम्लयुक्त पाण्यात तांबे, जस्त असे धातू विरघळलेले असतात, असे वाचनात आले. ते धातू विकून पाणी शुद्ध करण्याचा खर्च भागवता येणार नाही का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : धातू निघतात, पण त्यांच्या विक्रीतून सगळा खर्च भागेल अशी आशा बहुतेक ठिकाणी धरता येत नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावची बर्कली खाण पाहिली की याचे कारण कळते. १९५५ साली सुरू झालेली ही उघडी खाण १९८२ साली बंद झाली. उपसा करणारे पंप थांबताच भूजल आत चढू लागले आणि खडकातल्या लोह व गंधकयुक्त खनिजाचा हवेशी व पाण्याशी संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होत राहिले. पुढे या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; सातच्या खाली जितका कमी तितके आम्ल जास्त) अडीचच्या आसपास होता. १९९५ साली या तळ्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मेलेले आढळले.

या पाण्यातून तांबे काढण्याची रीत शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवला की थोड्याच वेळात त्यावर लालसर पुट चढते. ब्यूटला हेच काम भंगार लोखंडावरून तळ्याचे पाणी सोडून केले जात असे आणि ते २०१३ पर्यंत चालले. मात्र सुमारे ६४ ग्रॅम तांबे बाहेर येते, तेव्हा किमान ५६ ग्रॅम लोखंड पाण्यात जाते. म्हणजे तांबे हाती लागले, तरी पाण्यात लोह वाढते आणि आम्ल, जस्त, मँगनीज हे सारे जागच्या जागीच राहते. हा अदलाबदलीचा व्यवहार आहे, शुद्धीकरण नव्हे.

शुद्धीकरणासाठी अखेर चुन्याकडेच वळावे लागते. मोरचूद आणि चुना मिसळून बुरशीनाशक बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्षबागायतदारांना चुन्याने सामू कसा चढतो हे सांगायला नको. सामू चारच्या आसपास आला की फेरिक (ऑक्सिडीकरण झालेले) लोह गाळ होऊन खाली बसते, पाचाजवळ ॲल्युमिनियम, सहा-सातला तांबे, तर जस्ताला सुमारे नऊ सामू लागतो. चुना एकदमच घातला तर हे सारे एकाच चिखलात मिसळते आणि त्यातून पुन्हा धातू वेगळा करणे तोट्याचे ठरते. ब्यूटच्या शुद्धीकरण केंद्रात, जे २००३ साली उभे राहिले, असा गाळ तयार होतो आणि तो परत त्याच खाणीत सोडला जातो. पाणी मात्र २०१९ पासून शुद्ध करून सिल्व्हर बो ओढ्यात सोडले जाऊ लागले.

माझ्या मते खरी संधी टप्प्याटप्प्याने गाळ वेगळा करण्यात आहे. ओहायोमध्ये कोळशाच्या जुन्या खाणींतून पाझरणाऱ्या पाण्यातले लोह असेच वेगळे काढून त्याचे गेरूसारखे रंगद्रव्य बनवले जाते व ते चित्रकारांच्या रंगांत वापरले जाते. कोळसा खाणींच्या गाळात सापडणाऱ्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवरही (चुंबके व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या धातूंवरही) अमेरिकेत संशोधन चालू आहे. तरीही हिशेब करताना धातूच्या उत्पन्नाकडे नफा म्हणून न पाहता खर्चातली वजावट म्हणून पाहावे, कारण पाणी पाझरणे थांबत नाही आणि म्हणून केंद्र बंद करण्याची तारीखही ठरवता येत नाही.

प्रश्न : गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींतही असेच आम्ल तयार होते का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुख्यतः नाही. गोव्याचे खनिज प्रामुख्याने लोहाचे ऑक्साइड, म्हणजे हेमॅटाइट प्रकारचे आहे. त्यात आम्ल निर्माण करणारे गंधकयुक्त खनिज फारसे नसते. तिथला त्रास म्हणजे पावसाळ्यात खाणींवरून आणि मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून शेतात व नद्यांत उतरणारा बारीक तांबडा गाळ. त्यावर चुन्याचा इलाज लागू पडत नाही. ढिगाऱ्यांना गवत आणि झाडांचे आवरण देणे, तसेच गाळ थोपवणारी तळी नियमित उपसणे हेच उपाय त्याला आहेत.