न रडणाऱ्या बाळाचं दुखणं

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल वाचला होता, आत्ता ड्युटीवरून आल्यावर नीट लिहायला बसलेय. नवजात बाळांचं दुखणं हार्ट रेट व्हेरिएबिलिटीवरून, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून मोजायचं हा विषय थीसिसला घेतलास, फार बरं वाटलं. पण मॉनिटरवरचे आकडे रोज लिहून काढले की डेटा तयार, असं जे तुला कुणी सांगितलंय ना, ते आधी डोक्यातून काढ. मॉनिटरवर 148, 150, 152 दिसतं ते काही सेकंदांचं ॲव्हरेज असतं आणि आपल्याला हवं असतं एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर. रेट 150 असेल तर हे अंतर 400 मिलिसेकंद, त्यातला चढउतार अगदी थोड्या मिलिसेकंदांचा, तो ॲव्हरेजमध्ये पार पुसला जातो. त्यामुळे ईसीजीचा कच्चा सिग्नलच घ्यावा लागेल, त्यासाठी बायोमेडिकलवाल्यांच्या मागे आत्तापासूनच लाग.

श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित हळू, हे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हचं काम. बाळ आरामात असलं की हा हेलकावा छान दिसतो, दुखायला लागलं की तो विरतो. फ्रान्समधल्या लील शहरातल्या टीमने यावरूनच 0 ते 100 चा एक इंडेक्स बनवला, आकडा वर म्हणजे बाळ आरामात. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेव, मोठ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा श्वासाचा पट्टा 0.15 ते 0.4 हर्ट्झ धरलेला असतो, 0.4 म्हणजे मिनिटाला 24 श्वास, आणि आपली बाळं घेतात 40 ते 60! सेटिंग न बदलता ॲनालिसिस केलंस तर जे मोजायचं तेच बाहेर राहील.

आता मला हा विषय इतका जवळचा का ते सांगते. मी रेसिडेंट असताना 32 आठवड्यांतच जन्मलेलं एक बाळ होतं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं, तिसरा दिवस. रडत नव्हतं, हालत नव्हतं, मी राऊंडला नोट्समध्ये ‘कम्फर्टेबल’ लिहून पुढच्या बाळाच्या वॉर्मरकडे गेले. रात्रीच्या सिस्टरने मला परत बोलावलं, म्हणाल्या मॅडम, हिची मूठ बघा, संध्याकाळपासून उघडलीच नाही. कपाळावर आठी नाही, चेहरा कोरा, पण डायपरला हात लावला की अख्खं अंग ताठ. मग स्प्लिंटची पट्टी सोडली तर हात सुजून टम्म, कॅन्युला (औषधाची नळी) शिरेतून निघालेली, पंप आपला चालू आणि फेंटानिल, म्हणजे दुखणं थांबवायचं औषध, सगळं मांसात जात होतं. किती तास ते आम्हाला कधीच कळलं नाही. ती मूठ मला अजून दिसते गं.

दुखणं लांबलं की बाळ रडायचं थांबतं, त्याच्यात ताकदच उरत नाही. पूर्वी तर लोकांना वाटायचं की इतक्या लहान जिवाला दुखतच नाही, ऑपरेशनलाही वेदनाशामक द्यायचे नाहीत. इंदूरला शिकलेले डॉ. आनंद यांनी 1987 मध्ये दाखवलं की फेंटानिल दिलं तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो, ऑपरेशननंतरचा त्रासही कमी होतो. चेहऱ्यावर जाऊ नये हे तर लंडनच्या 2010 च्या अभ्यासातही दिसलं, टाचेला सुई टोचण्याआधी सुक्रोज (साखरेचं पाणी) दिल्यावर चेहरा शांत झाला, दुखण्याचा स्कोअर उतरला, पण मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद होता तेवढाच. म्हणून न रडणाऱ्या बाळासाठी हा व्हेरिएबिलिटीचा आकडा मला हवाय, ऑपरेशननंतरचा, व्हेंटिलेटरवरच्या बाळांचा.

पण आकडा खाली गेला म्हणजे दुखतंयच असं लगेच लिहू नकोस हं. इन्फेक्शन सुरू होतानाही व्हेरिएबिलिटी घटते, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या लोकांनी त्यावरच सेप्सिसचा (अंगभर पसरणाऱ्या इन्फेक्शनचा) मॉनिटर बनवलाय. ॲट्रोपिन या औषधाने घटते, झोपेप्रमाणे बदलते, जितकं बाळ वेळेआधी जन्मलेलं तितकी मुळातच कमी, आणि व्हेंटिलेटर स्वतःचाच ताल लादतो. म्हणून बाळाची तुलना त्याच्याच शांत वेळेशी कर, शेजारच्या बाळाशी नको. बाजूला बाळाकडे बघून द्यायचा पिप हा दुखण्याचा स्कोअर ठेव पण तो सुईसारख्या क्षणिक दुखण्याचा, लांबलेल्या दुखण्याला एडिनसारखी स्केल घे, आणि स्कोअर देणाऱ्या सिस्टरला आकडा दिसता कामा नये.

आईच्या छातीवर कांगारूत असतानाचं रेकॉर्डिंगही नक्की घे, सगळे दुखण्याचंच मोजतात, आरामाचं फारसं कुणी मोजत नाही.

सोमवारी पहिलं बाळ घेशील तेव्हा रेकॉर्डिंगसोबत वहीत वेळ टाकत जा, फीड कधी, सक्शन कधी, डायपर कधी, श्वासासाठी देतो त्या कॅफिनचा डोस कधी. आणि लीड्स लावायच्या आधी पट्ट्या सोडून कॅन्युलाचा हात बघून घे. पहिलं रेकॉर्डिंग झालं की पाठव, फोनवर बोलू, रात्री दहानंतर मी मोकळी असते.

तुझी मॅडम