ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला यायचंय? आधी व्हिसा बघा

ताई, तुमचा मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, आणि ऑस्ट्रेलियात सरकार थेरपीचा खर्च करतं असं ऐकून तुम्हाला पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याच्या व्हिसासाठी) अर्ज करायचाय. ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धंच.

२०१३ च्या कायद्याने आलेल्या एनडीआयएस या सरकारी अपंगत्व योजनेतून स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) यांना पैसे मिळतात. पण ती नागरिकांसाठी आणि पीआरवाल्यांसाठी. वर्क व्हिसावर आलात तर खर्च तुमच्याच खिशातून.

खरी मेख पीआरच्या मेडिकलमध्ये आहे. या मुलावर सरकारचा किती खर्च होईल याचा तिथे हिशेब मांडतात. जुलै २०२४ पासून मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, आधी ५१,००० होती. अंदाज त्यापुढे गेला की एका मुलापायी अख्ख्या घराचा अर्ज बाद. "हे आधी एकटे जातील, आम्ही मागून" हेही चालत नाही, कारण सोबत न येणाऱ्या मुलाचीही तपासणी मागतात. १८९ व्हिसाला (कंपनीशिवाय, स्वतःच्या कौशल्यावर मिळणारा पीआर) यात सूट नाही. काही एम्प्लॉयर स्पॉन्सर्ड (कंपनीने पुरस्कृत केलेल्या) व्हिसांना ती मागता येते, म्हणून मी तुमच्या जागी तोच रस्ता आधी तपासला असता. निदान लपवा म्हणणारे शहाणे भेटतीलच. खोटी माहिती पकडली गेली तर तीन वर्षं व्हिसाचं नाव काढू नका.

इथली जागरूकता मात्र नुसती पोस्टरपुरती नाही. कोल्स सुपरमार्केटमध्ये ठरावीक वेळी दिवे मंद करतात, आवाज कमी करतात. शाळांना अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या २००५ च्या नियमांनुसार मुलासाठी वाजवी बदल करावेच लागतात. (शाळेगणिक उत्साह वेगळा, हेही खरं.)

पुढे एनडीआयएसच्या मीटिंगला बसाल तेव्हा "एबीसीडी येते, गाणी पाठ आहेत" हे कौतुक बाजूला ठेवा. मदतीशिवाय काय जमत नाही ते त्यांना हवं असतं: बटण लावणं, शी-शू सांगणं, रस्त्यात हात सोडून पळणं, रात्री उठून बसणं. पंचाईत अशी की गरजा दाखवणारा हाच रिपोर्ट व्हिसाच्या वेळी अंगावर येऊ शकतो. म्हणून मेडिकलच्या आधीच रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटला सगळी फाइल दाखवा, आणि रिपोर्ट ताजा, प्रगतीसकट असू द्या.

तोवर भारतातली थेरपी थांबवू नका. तिकडच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. निरामय हा सरकारी आरोग्य विमा १ लाख रुपयांपर्यंतचा आहे, त्यात थेरपीलाही काही रक्कम मिळते.